काळ्या मातीच्या अंगणाचा निचरा : प्लॅस्टिकचे गवत अंथरण्यापूर्वी

खानदेशातील काळी जमीन कापसाला व केळीला जितकी उपकारक आहे, तितकीच ती घराच्या अंगणाला त्रासदायक आहे. शेतात ओल धरून ठेवणे हा तिचा गुण होय. अंगणात तोच दोष ठरतो. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात ढेकळे आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, हे चक्र खानदेशातील प्रत्येक गृहिणीच्या परिचयाचे आहे. पूर्वी सडा-सारवण, मुरमाचा थर अथवा शहाबादी फरशी हे त्यावरील उपाय होते. अलीकडे त्यांत प्लॅस्टिकच्या गवताची भर पडली आहे. शहरातील बंगल्यांपुरती असलेली ही कृत्रिम हिरवळ आता मंगल कार्यालये, बालवाड्या व बागायतदारांच्या मळ्यातील घरांपर्यंत पोचली आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया विणल्या जातात, तेव्हा चटईचेच हे हिरवे भावंड ह्या भागात लोकांना फारसे परके वाटले नाही ह्यात नवल नाही.

हे गवत अंथरले की चिखल संपेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. गवताच्या पाठीला ठरावीक अंतरावर छिद्रे असतात व त्यांतून पाणी खाली उतरते. परंतु खाली उतरलेल्या पाण्याला पुढे वाट नसेल, तर चिखल नाहीसा न होता केवळ दृष्टीआड होतो. मग दोन-तीन पावसांनंतर पायाखाली मऊ लागू लागते, सांधे उचकटतात, कुबट वास सुटतो, डास वाढतात. ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, अंगणात मुरलेले पाणी घराच्या जोत्याकडे सरकते व भिंतींस तडे जाण्यास आरंभ होतो. गवत उखडून टाकता येते. तडकलेली भिंत पूर्ववत करणे खर्चाचे काम आहे.

प्लॅस्टिकच्या गवताचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९६५ साली छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागृह उघडण्यात आले. छपराच्या तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपू लागले, म्हणून ती रंगविण्यात आली आणि प्रकाशाअभावी आतील खरे गवत मेले. तेव्हा १९६६ साली तेथे कृत्रिम गवत अंथरण्यात आले व त्यामुळे ह्या वस्तूची जगभर प्रसिद्धी झाली. म्हणजे ज्या जागेमुळे तिचे नाव झाले, त्या जागेवर पाऊसच पडत नव्हता. पुढे ती उघड्या मैदानांवर आली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे सामने अशा मैदानावर झाले, व भारतीय संघ त्या वेळी सातव्या स्थानावर राहिला. उघड्या मैदानांसाठी मात्र गवताखालच्या थरांचा व निचऱ्याचा वेगळा विचार करावा लागला. घराच्या अंगणात ते अंथरताना नेमका हाच भाग गाळला जातो.

काळ्या मातीचा स्वभाव

मेहरूण हे गाव आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत असले, तरी त्याची ओळख आजही तेथील बोरांमुळे व तलावामुळे आहे. येथील जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून तयार झालेली आहे. जळगावास वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा काही कोकणातला पाऊस नव्हे. परंतु तो बहुतांशी चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्या दिवसांत जोराने पडतो. तासाभरात ४०-५० मिलिमीटर पाणी कोसळले, तर ते पिण्याची शक्ती ह्या मातीत नसते.

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि ते पाणी शोषून फुगतात. कोरड्या मातीला भेगा असतात; म्हणून मृगाचे पहिले पाणी घटाघटा आत जाते. त्यानंतर कण फुगतात, भेगा मिटतात व जमिनीचे तोंड बंद होते. अशा फुगलेल्या मातीतून पाणी खाली जाण्याचा वेग पुष्कळदा ताशी १ मिलिमीटरहूनही कमी भरतो. तलावात पाणी का टिकते, हे ज्याच्या ध्यानात आले, त्याला अंगणात ते का साचते हे निराळे सांगावयास नको.

दुसरा स्वभाव हालचालीचा. ही माती पावसाळ्यात वर उचलली जाते व उन्हाळ्यात खाली बसते. सगळीकडे सारखी ओल असेल, तर ही हालचालही सारखी होते व फारसे बिघडत नाही. परंतु एका कोपऱ्यात पन्हळीचे पाणी पडते, दुसऱ्या कोपऱ्यात कडुनिंबाच्या मुळ्या ओल ओढून घेतात आणि तिसरीकडे धुण्याची शिळा आहे, असे असले म्हणजे अंगणाचा प्रत्येक भाग वेगवेगळा हलतो. वर अंथरलेले गवत जमिनीचा हा आकार जसाच्या तसा घेते.

भेगांच्या संबंधात एक इशारा देणे अवश्य आहे. जमीन पाणी पिते की नाही हे पाहण्यासाठी खड्डा खणून त्यात पाणी ओतण्याची रीत चांगली आहे. पण ती वैशाखात केल्यास फसवते. भेगांतून पाणी पाहता पाहता निघून जाते आणि 'आपली जमीन निचऱ्याची आहे' असा ग्रह होतो. ह्यासाठी १ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा घेऊन तो सलग दोन-तीन दिवस पाण्याने भरत राहावा. माती पुरती फुगल्यानंतर तो पुन्हा भरून काठीवर खूण करावी व पाणी तासाला किती उतरते ते मोजावे. अर्धा इंचही न उतरल्यास पाणी जमिनीत जिरवण्याचा विचार सोडून द्यावा.

शोषखड्ड्याचा सल्ला अनेक ठिकाणी सरसकट दिला जातो, त्याचीही मर्यादा ह्याच कसोटीने ठरते. उंचवट्याच्या बाजूस काही फुटांवर मुरूम लागतो. तेथे शोषखड्डा मुरमापर्यंत नेल्यास उपयोगी पडतो. खोलगटात आणि तापी-गिरणेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत मात्र तो पावसाळाभर तुडुंब भरलेला राहतो. तेथे तो शोषखड्डा नसून डासांचे हौद होय.

प्रथम पाणी कोठे जाणार ते पाहावे

सबब, पाणी खाली जात नाही तर ते आडवे न्यावे लागेल. ह्या सबंध कामाचे मर्म एवढेच आहे. परंतु आडवे नेऊन सोडावयाचे कोठे, हा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो. तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. फावडे उचलण्यापूर्वी गटाराचा तळ, रस्ता, अंगण व जोते ह्यांच्या उंच्या मोजून कागदावर लिहाव्यात. गवंड्यांची पाण्याने भरलेली पारदर्शक नळी त्यासाठी पुरेशी आहे. पाणलोटाच्या कामात अनेक गावांनी हायड्रोमार्कर हाताळले आहेत, तेही चालतात.

ह्या मोजणीत आजकाल एक गोष्ट वारंवार आढळते. गावातील रस्त्यावर जुना थर न काढता नवा काँक्रीटचा थर टाकला जातो. असे दोनतीनदा झाले की रस्ता उंच व अंगण सखल होते, आणि पूर्वी बाहेर जाणारे पाणी आत येऊ लागते. अशा घरी अंगण खणून गवताखाली खडी भरणे म्हणजे रस्त्याच्या पाण्यासाठी टाके बांधून देणे होय. तेथे खोदाई कमीत कमी करून मुरमाच्या भरावाने अंगणच उचलावे; मात्र जोते अंगणापासून निदान १ फूट उंच राहील हे पाहावे. भरावही शक्य नसेल, तर त्या अंगणात हे गवत अंथरू नये, असा स्पष्ट सल्ला ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी द्यावा. घरमालकास तो रुचणार नाही, पण दोन पावसाळ्यांनी पटेल.

पाणी सार्वजनिक गटारात सोडताना ग्रामपंचायतीची अथवा नगरपालिकेची अनुमती घ्यावी. शेजाऱ्याच्या भिंतीशी तोंड काढू नये. बांधावरून होणारे तंटे शेतापुरते पुरे आहेत.

धाब्यावरचे पाणी

खानदेशातील जुनी घरे धाब्याची आहेत व नवी सिमेंटच्या स्लॅबची. दोहोंचे पाणी पन्हळीतून अंगणातच पडते. हे पाणी किती असते ह्याची कल्पना पुष्कळांस नसते. समजा, धाबे ३० फूट लांब व २० फूट रुंद आहे. ५० मिलिमीटर पावसात त्यावरून सुमारे २,८०० लिटर पाणी खाली येते. समोरचे अंगण ४० फूट लांब व ३० फूट रुंद असेल, तर त्याच पावसाचे सुमारे ५,६०० लिटर पाणी अंगणावर पडते. दोन्ही मिळून ८,४०० लिटर, म्हणजे २०० लिटरची ४२ पिंपे झाली.

आता गवताखाली ४ इंच जाडीचा खडी-कचीचा थर आहे व बाहेर वाट ठेवलेली नाही असे धरू. ह्या थरातील पोकळीत सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. म्हणजे एकाच पावसात तो भरून वाहू लागेल. फुगलेल्या मातीतून निचरा ताशी पाव मिलिमीटर धरला, तर भरलेला थर रिकामा होण्यास जवळजवळ ६ दिवस लागतील, आणि श्रावणातला पाऊस ६ दिवस थांबत नाही. 'खडी जाड टाका म्हणजे पाणी राहणार नाही' हा सल्ला किती पोकळ आहे, हे ह्यावरून दिसेल. जाड खडीने टाके मोठे होते, रिकामे होत नाही.

म्हणून पन्हळीचे पाणी अंगणात पडूच देऊ नये. ते नळीने उचलून थेट गटारात अथवा साठवणीच्या टाकीत न्यावे. गाळणीतून गाळून विहिरीच्या पुनर्भरणासाठीही ते वापरता येते. मात्र अंगणातून वाहून आलेले पाणी विहिरीत कदापि सोडू नये. केवळ पन्हळीची ही व्यवस्था केल्याने अनेक अंगणांचा अर्धा त्रास मिटतो, आणि हा ह्या लेखातील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कामाचा हंगाम

आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, त्यानंतर लगीनसराई. साहजिकच अंगण सजवण्याची घाई चैत्र-वैशाखात होते. जमिनीच्या दृष्टीने हा सर्वांत वाईट काळ आहे. त्या वेळी माती पराकाष्ठेची कोरडी व आक्रसलेली असते. तिच्यावर थर ठोकून गवत ताणून बसवले, तर पावसाळ्यात ती फुगते, वरचे सर्व उचलते आणि पोळ्यापर्यंत सपाट अंगणाला उंटवटे येतात. भर पावसाळ्यातही हे काम होत नाही, कारण ओली माती धुम्मसाखाली दबत नाही, पसरते.

दिवाळीनंतर, कार्तिक-मार्गशीर्षात, जमीन वाफशावर असताना हे काम करावे. वाफसा शेतकऱ्यास शिकवावा लागत नाही. मुठीत माती दाबली असता गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, आणि टाकताच फुटावा. पेरणीची ही जुनी परीक्षा येथेही तंतोतंत लागू पडते.

खोदाई, चर व थर

वरील ४० × ३० फुटांच्या अंगणाचेच उदाहरण पुढे चालवू. घर ४० फुटांच्या बाजूस आहे. उतार घरापासून दूर, समोरच्या कडेकडे द्यावयाचा. ३० फुटांत ६ इंच, म्हणजे ६० फुटांस १ फूट उतार पुरेसा होतो. बसण्या-उठण्यास तो जाणवत नाही.

वरची काळी माती १० इंच काढावी. ती परसबागेत अथवा शेतात टाकावी. अंगणाच्या कामी ती पुन्हा वापरू नये. खोदलेल्या तळासही वरच्या इतकाच, ३० फुटांत ६ इंच उतार असला पाहिजे. ह्या ठिकाणी बहुसंख्य कामे बिघडतात. गवंडी वरचा थर दोरी लावून सुरेख उतारात आणतो, पण तळ मजुरांनी खणला तसाच खाली-वर राहतो. गवताच्या छिद्रांतून गेलेले पाणी वरचा उतार पाहत नाही. ते तळावर जाऊन खळग्यांत बसते. तळ तयार झाल्यावर त्यावर चार बादल्या पाणी ओतून ते कोठे थांबते हे डोळ्यांनी पाहावे व तो खळगा मुरमाने भरून ठोकावा.

समोरच्या कडेला, सबंध ४० फूट लांबीचा १ फूट रुंद चर घ्यावा. चराची खोली एका टोकास १६ इंच व गटाराकडील टोकास २१ इंच ठेवली म्हणजे त्याला सुमारे शंभरास एक उतार मिळतो. गटाराचा तळ अंगणाच्या सखल कडेपेक्षा निदान पावणेदोन फूट खाली असला पाहिजे, हे ह्यावरून ठरते. तसा नसल्यास खोदाई कमी करून भराव वाढवावा. चरात २ इंच खडी पसरून तीवर ४ इंच व्यासाची छिद्रे असलेली पीव्हीसी नळी, छिद्रे खाली करून, ठेवावी. नळी व खडी ह्यांभोवती जिओटेक्स्टाईल कापड गुंडाळावे, नाहीतर चिकणमाती दोन-तीन वर्षांत खडी गच्च भरून टाकते. जळगाव हे नळ्यांच्या व ठिबक साहित्याच्या उत्पादनाचे मोठे केंद्र असल्याने योग्य नळी मिळण्यास अडचण नाही. ठिबकच्या जुन्या उपनळ्या मात्र ह्या कामी वापरू नयेत, त्यांचे पोट फार लहान असते.

अशा खडीच्या चराला इंग्रजीत जे नाव आहे, त्यावरून तो फ्रान्स देशातून आला असावा असे वाटते. वस्तुतः ते नाव हेन्री फ्रेंच ह्या अमेरिकन गृहस्थाचे आहे. त्याचे शेतातील निचऱ्यावरील पुस्तक १८५९ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे आज बंगल्याच्या अंगणात दिसणारी ही युक्ती मूळची शेतकऱ्याचीच आहे. महाराष्ट्रात नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून खेळू लागल्यावर पुढील काळात अनेक खोल काळ्या जमिनी चिबड व खारवट झाल्या, आणि त्या सुधारण्यासाठी पाण्याबरोबर चरांचाही विचार करावा लागला.

चर झाल्यावर खोदलेल्या तळावरही जिओटेक्स्टाईल अंथरावे. त्यावर ६ इंच मुरूम दोन थरांत, हलके पाणी मारून, धुम्मसाने अगर रोलरने ठोकावा. मुरूम भार पेलण्यासाठी आहे. पाणी त्याच्या माथ्यावरून खडीतून चराकडे जावयाचे आहे, म्हणून मुरमाचा माथाही उतारात असावा. त्यावर ३ इंच खडी व १ इंच कच टाकून दाबावी. गवत ह्या कचीवर येते.

येथे काही वस्तूंबद्दल सांगणे प्राप्त आहे. शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला प्लॅस्टिक कागद तण उगवू नये म्हणून गवताखाली घालण्याची कल्पना काहींना सुचते. तो कागद पाणी अडवण्यासाठीच बनवलेला असतो. तलावातील गाळ स्वस्तात मिळतो. २०१७ साली सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेने त्याचे मोल शेतकऱ्यांस चांगले पटले आहे. पण तो शेतासाठी सोने असला, तरी अंगणाच्या भरावास सर्वथा अयोग्य, कारण तो काळ्या मातीतलाही सर्वांत बारीक अंश होय. काळ्या मातीत थोडी वाळू मिसळल्याने निचरा होत नाही. वाळल्यावर तिची वीट होते. जिप्सम चोपण जमिनीस हितकारक आहे. जेथे सोडियमचा दोष नाही तेथे, आणि तेही ठोकलेल्या थराखाली, त्याचा उपयोग नाही.

जोते व कडा

जोत्याला लागून निदान ३ फूट रुंदीची फरशी, बाहेर उतार देऊन, सांधे भरून बसवावी व गवत त्यापुढे सुरू करावे. चर जोत्याच्या जवळ घेऊ नये. ५-६ फुटांचे अंतर अवश्य राखावे. पायाजवळची ओल वर्षभर शक्यतो एकसारखी राहणे हीच भिंतीची सुरक्षितता आहे.

चारही बाजूंस सिमेंटची कड बांधण्याची हौस असते. तिने गवताची कोर नीट बसते खरी, पण अंगणाची परात होते. सखल बाजूच्या कडेस दर ३ फुटांवर, खडीच्या पातळीवर, पाणी चरात जाण्यासाठी भोके ठेवावीत.

सबंध अंगण झाकावे काय, ह्याचे उत्तर नकारार्थी आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातले प्लॅस्टिकचे गवत हवेपेक्षा २०-३० अंशांनी अधिक तापू शकते. त्यावर अनवाणी मूल पाय ठेवू शकणार नाही. सावलीतला भाग तेवढा झाकावा. कडुनिंबाच्या बुंध्याभोवती ऐसपैस माती उघडी ठेवावी. गुरांचा वावर असलेल्या जागी व खळ्यावर हे गवत नको; त्याचे तंतू झिजून सुटतात व चाऱ्यात जातात. त्याच कारणास्तव बिबडे, पापड वा धान्य त्यावर वाळत घालू नये. त्यासाठी पूर्वीप्रमाणे खाट आणि धाबेच बरे.

चर बुजवल्यानंतर लगेच गवत अंथरण्याची घाई करू नये. शक्य असल्यास कचीचा थर एक पावसाळा तसाच उघडा ठेवावा. जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभराने अंगणातून फिरून पाहावे. जेथे पाणी दिसेल तेथे खुंटी ठोकावी व दिवाळीनंतर तेवढाच भाग उकरून दुरुस्त करावा. नळीचे गटारातील तोंड उघडे व नजरेस पडेल असे ठेवून त्यास उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी लावावी. मृग लागण्यापूर्वी एकदा, व पुढे दर मोठ्या पावसानंतर ही जाळी साफ करावी. पाऊस पडत असताना ह्या तोंडातून पाणी येत नसेल, तर ते अंगणाखाली साचत आहे असे समजून त्याच दिवशी चराचे वरचे टोक उघडून पाहावे.